ऑर्डिनरी कॉल

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांच्या दुकानांमध्ये एक रेडियमवाला जिन्याखाली बसायचा. एक स्टूल, एक कटर, साबणाच्या पाण्याची बाटली, एवढाच त्याचा कारखाना. भिंतीवर नमुने चिकटवलेले: महाराज, वाघाचे डोळे, 'आईची पुण्याई' आणि अगदी खाली कोपऱ्यात एक लांबुडकी कवटी. मी तिच्याकडे बोट दाखवलं. "पनिशर?" त्यानं विचारलं, हॉटेलात 'साधा की मसाला' विचारतात त्या सुरात. पांढऱ्या रेडियममधून कवटी कापून झाल्यावर नको असलेला भाग तो टाचणीच्या टोकानं उचलत गेला. आधी डोळ्यांच्या खोबणी मोकळ्या झाल्या, मग दातांमधल्या फटी, एकेक करून. माझ्या ॲक्टिव्हाच्या पुढच्या भागावर पाणी मारून त्यानं ती बसवली, जुन्या एटीएम कार्डानं बुडबुडे दाबून बाहेर काढले आणि म्हणाला, "चोवीस तास धुऊ नका."

तशी मी ती गाडी पुढं चार वर्षं फारशी धुतलीच नाही, पण तो वेगळा विषय.

ही गोष्ट २०१६ची. जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं आणि मार्चमध्ये त्यावर 'डेअरडेव्हिल' या सुपरहिरो मालिकेचा दुसरा सीझन. ऑफिसातून आठला घरी आलो की जेवणाचं ताट घेऊन मी खोलीत शिरायचो. त्या सीझनमध्ये जॉन बर्न्थलनं उभा केलेला फ्रँक कॅसल, म्हणजे पनिशर, मला असा काही भेटला की बाकीचे झगमगीत वीर एका रात्रीत फिके पडले. आकाशातून वीज उतरवणारा थॉर आणि चिडला की हिरवा होणारा हल्क ज्या जगात आहेत, त्याच जगात हा माणूस साधा काळा कोट घालून, नाक फुटलेलं, डोळा सुजलेला, चालत जातो. उडत नाही. चालत जातो, तेही थोडं लंगडत.

ज्यांना हा गृहस्थ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पनिशर पहिल्यांदा आला तो १९७४ साली, 'द अमेझिंग स्पायडरमॅन'च्या १२९व्या अंकात, आणि आला तो स्पायडरमॅनला मारायला. नायक म्हणून त्याचा विचारच नव्हता. जेरी कॉनवे या लेखकाच्या कच्च्या चित्रात त्याच्या छातीवर एका बाजूला लहानशी कवटी होती. जॉन रोमिटा या चित्रकारानं ती छातीभर पसरवली, इतकी की तिचे दात थेट कमरेच्या पट्ट्यात उतरले. पुढं त्याची कहाणी रचली गेली ती अशी: व्हिएतनामहून परतलेला मरीन, बायकामुलांना घेऊन न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात सहलीला गेलेला, तिथं गुंडांच्या गोळीबारात कुटुंब संपतं आणि हा एकटा उरतो. मालिकेत युद्ध बदललं, व्हिएतनामच्या जागी अलीकडची युद्धं आली. सहल आणि गोळ्या तशाच राहिल्या.

आता कोणी म्हणेल, शक्ती नसलेला नायकच पाहिजे तर बॅटमॅन काय वाईट होता? तो तर १९३९पासून आहे. पण मला बॅटमॅन साधा माणूस वाटतच नाही. त्याच्याकडे उडण्याची शक्ती नाही हे कबूल, पण वडिलोपार्जित इस्टेट आहे, आणि ती शक्ती उडण्यापेक्षा फार मोठी असते हे पुण्यात कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. ब्रूस वेन, म्हणजे झग्याआतला बॅटमॅन, सदाशिव पेठेत जन्मला असता तर त्याच्या वाड्यात सतरा भाडेकरू असते, चुलत्यांशी दिवाणी दावा चालू असता आणि तळघरातल्या त्या गुहेवर पुनर्विकासवाल्या बिल्डरचा डोळा असता. मग बघितलं असतं, रात्री कोण झगा घालून हिंडतो ते.

हॉकआयचं मात्र वेगळं. धनुष्यबाण घेऊन देवादिकांच्या पंगतीला बसलेला तो मनुष्य. २०१५च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये तो स्वतःच म्हणतो की शहर उडतंय, आपण यंत्रमानवांच्या फौजेशी लढतोय आणि माझ्याकडे धनुष्यबाण आहे, यातलं काहीच जुळत नाही. थिएटरात सगळे हसले होते. मीही हसलो. पण हसताना पोटात कुठंतरी ओळखीचं हललं. महिन्याच्या पंचवीस तारखेला बँकेचं ॲप उघडलं की मला साधारण तसंच वाटतं.

पण हे सगळं लिहायचं कारण हॉकआय नाही आणि फ्रँकही नाही. कारण माझी आत्या.

आत्या टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली. ट्रंक कॉलच्या जमान्यात ती कानाला हेडफोन लावून बोर्डावर बसायची. त्या हेडफोननंच खाल्ले म्हणते ती आपले कान, आणि आता दोन्हीकडे श्रवणयंत्रं आहेत. ती लहान असताना मराठीत निघणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सची भक्त होती, त्यातही वेताळाची. वेताळ म्हणजे ली फॉकनं १९३६ साली काढलेला फँटम. तोही माणूसच बरं का. जंगलातले लोक त्याला अमर समजतात, पण प्रत्यक्षात बाप गेला की मुलगा तेच कपडे चढवतो, असे एकवीस झाले. बापाच्या मारेकऱ्याची कवटी हातात धरून पहिल्या वेताळानं १५३६ साली शपथ घेतली, ही कथा आत्याला अजून तोंडपाठ आहे. भाड्यानं आणलेला अंक रात्रीत संपवून सकाळी परत करायचा आणि त्या पैशात दुसरा आणायचा, असा तिचा हिशेब असायचा.

आमची गल्ली बाजीराव रोडच्या बाजूला निघते आणि ती एकेरी आहे. एकेरी आहे हे तोंडाशी लावलेली पाटी सांगते, तिच्याखेरीज आणखी कोणी सांगत असेल असं वाटत नाही. शिकवण्या सुटायच्या वेळेला, साडेसहा ते आठ, सगळा ओघ उलटा येतो. वळसा घालायचा कंटाळा, एवढंच. दुचाक्या तर फुटपाथवरूनही येतात आणि वर चालणाऱ्याला हॉर्न मारतात. आत्या निवृत्त झाल्यावर दोनेक वर्षांत कधीतरी संध्याकाळी छत्री घेऊन कोपऱ्यावर उभी राहायला लागली. ओरडत नाही, शिट्टी नाही, मोबाइलवर कोणाचे फोटो काढत नाही. छत्री आडवी धरते आणि म्हणते, "नो एंट्री आहे. मागं वळवा." आवाज तोच, बोर्डावरचा, 'लाइन व्यस्त आहे' सांगणारा. त्यात राग नाही, म्हणून वादाला जागा नाही. तरी लोक वाद घालतात. "आजी, इथंच जायचंय." "दोन मिनिटं." "तुम्ही कोण?" या शेवटच्या प्रश्नाला तिचं उत्तर ठरलेलं: "मी चालणारी."

घरात या प्रकाराला कोणाचाच पाठिंबा नव्हता. आई म्हणायची, एक दिवस कोणीतरी अंगावर घालेल. बाबा म्हणायचे, ट्रॅफिकच्या मामांचं काम आहे, त्यांना पगार मिळतो. मला लाज वाटायची, खरं सांगतो. सोसायटीत 'छत्रीवाल्या आत्यांचे भाचे' अशी माझी ओळख झाली होती.

आणि एका गुरुवारी मी पकडला गेलो. ऑफिसातून येताना बाजीराव रोडला तुफान गर्दी, पुढून वळसा घालायचा तर वीस मिनिटं, म्हणून मी आमच्याच गल्लीत उलटा घुसलो. शंभर पावलांचा तर प्रश्न होता. समोर छत्री आडवी. हेल्मेटमुळं तिनं मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं आणि तसं दाखवलं नाही, अजून ठरवता आलेलं नाही. "नो एंट्री आहे. मागं वळवा." मी काच वर केली. "आत्या, मी आहे." तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, तिची नजर गाडीच्या पुढच्या भागावर. "हा वेताळाचा शिक्का तुझ्या गाडीवर कशाला?" मी म्हटलं, वेताळाचा नाही, पनिशरचा. "कवटी ना? मग तेच. उजव्या हातातली अंगठी. वाईट माणसाच्या जबड्यावर उमटायची, जन्मभर पुसायची नाही." एवढं बोलून ती थांबली. "कोणाच्या जबड्यावर उमटवायला निघालायस, उलट्या बाजूनं?"

मागं दोन रिक्षा भोंगा वाजवत होत्या. मी गाडी वळवली. वीस नाही, पंचवीस मिनिटं लागली.

रात्री जेवताना तिनं विषय काढला नाही. वेताळाच्या डाव्या हातात दुसरी अंगठी असते, रक्षणाची, तिचं चिन्ह ज्याच्या दारावर त्याला कोणी हात लावत नाही, एवढं मात्र बाबांना उद्देशून सांगितलं. बाबांनी कढी वाढून घेतली.

पुढच्या पावसाळ्यात आईचं भाकीत खरं झालं. एका मोटरसायकलचा आरसा छत्रीच्या मुठीत अडकला, आत्या गर्रकन फिरली आणि हातावर पडली. उजवं मनगट मोडलं. गाडीवाला थांबला नाही. प्लॅस्टर ओलं असताना तिला विचारलं, नंबर बघितलास का? नाही. गाडी कुठली होती? काळी-लाल काहीतरी. "मागं कवटी होती," ती म्हणाली, आणि तुझ्यासारखी हे शब्द तिनं म्हटले नाहीत तरी मला ऐकू आले.

त्या रात्री मी झोपलो नाही. डोक्यात फ्रँक कॅसल चालत होता. सीझनमध्ये एका गच्चीवर तो डेअरडेव्हिलला साखळदंडानं बांधून ठेवतो आणि दोघांचं रात्रभर भांडण चालतं: मारावं की पकडून कोर्टात द्यावं. फ्रँक त्याला सांगतो की माझ्यासारखा व्हायला तुला फक्त एका वाईट दिवसाची कसर आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हे वाक्य मला टाळ्यांचं वाटलं होतं. आता माझा वाईट दिवस आला होता आणि मला ते सोयीचं वाटायला लागलं. काळी-लाल गाडी, मागं कवटी. शोधून काढायचा. पुढं काय, ते मी स्वतःलाही नीट सांगत नव्हतो.

दुसऱ्या दिवसापासून तीन संध्याकाळी मी त्या कोपऱ्यावर उभा राहिलो. छत्री न घेता, खिशात हात घालून, फ्रँकसारखा.

पहिली गोष्ट समजली ती अशी की पाय दुखतात. पिंडऱ्या नव्हे, टाचा. दीड तास एका जागी उभं राहणं हे चार मजले चढण्यापेक्षा अवघड आहे. दुसरी गोष्ट, डास. तिसरी, लघवी. फ्रँक कॅसलला कधी लघवीला लागलेली मी पाहिली नाही. चौथी गोष्ट, कोपऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुण्यात पत्ता विचारतात. "भाऊ, चितळे कुठं?" "तुळशीबाग इकडूनच ना?" एका आजोबांनी तर मला त्यांची पिशवी धरायला दिली आणि रस्ता ओलांडून औषधं घेऊन आले. झेरॉक्सवाला दोनदा बाहेर येऊन म्हणाला, "कोणाची वाट बघताय?" मी म्हटलं, एका मित्राची.

आणि कवट्या! मोजत होतो म्हणून दिसल्या. पहिल्या संध्याकाळी दीड तासात अकरा. एका बुलेटच्या टाकीवर, एका स्कूटीवर गुलाबी रिबन लावलेली, एका टेम्पोच्या मागं 'बघतोस काय' लिहिलेल्याच्या शेजारी, एका बारक्या मुलाच्या दप्तरावर. काळ्या-लाल गाड्या सहा. त्यांतल्या दोघींवर कवटी. दोन्ही सरळ बाजूनं, सावकाश गेल्या. त्यांतला तो कोण, दोघांपैकी एक की दोघांपैकी कोणीच नाही? २०१९च्या एका अंकात पनिशरला पोलिसांच्या गाडीवर स्वतःची कवटी चिकटवलेली दिसते, तो ती फाडून टाकतो आणि त्यांना सुनावतो की तुम्ही कायद्याची शपथ घेतली आहे, आदर्शच हवा असेल तर कॅप्टन अमेरिका आहे. अंक वाचला तेव्हा ते अमेरिकेचं राजकारण म्हणून मी सोडून दिलं होतं. कोपऱ्यावर उभा असताना अचानक आठवलं, कारण बारावी कवटी माझ्या गाडीवरची होती. झेरॉक्सच्या दुकानासमोर, नो पार्किंगमध्ये.

तिसऱ्या संध्याकाळी एक जण उलटा आला. गाडी वेगळी होती, पण माझा हात आपोआप वर गेला. "नो एंट्री आहे. मागं वळवा." आत्याचंच वाक्य, आत्याचाच सूर, नकळत. तो म्हणाला, "दिसतंय मला. इथंच वळतोय." आणि माझ्या कोपराला चाटून निघून गेला. एवढंच झालं. टाचांची आग व्हायला लागली होती, मी घरी गेलो.

प्लॅस्टरच्या सहा आठवड्यांत आत्याला संध्याकाळ खायला उठायची. एका हातानं विणकाम होत नाही, पेपर उलगडत नाही. मी टीव्हीवर 'डेअरडेव्हिल' लावला. पाचव्या मिनिटाला तिनं विचारलं, "ह्याचं पोट कशावर चालतं?" मी सांगितलं की कॉमिक्समध्ये फ्रँक गुंडांना मारल्यावर त्यांचा पैसा वापरतो. "म्हणजे पेन्शन नाही." नाही. हाणामारी सुरू झाली तशी तिनं श्रवणयंत्रं काढून वाटीत ठेवली. "हे खाटकाचं दुकान संपलं की सांग." मी आवाज कमी करून एकटाच बघत बसलो.

मग तो स्मशानातला प्रसंग आला. जखमी फ्रँक एका थडग्याला टेकून डेअरडेव्हिलला सांगतो, की तो युद्धावरून घरी आला, मुलीला झोपवताना ती म्हणाली की माझं आवडतं पुस्तक वाच, आणि तो म्हणाला, आज फार दमलोय, उद्या वाचतो. बस्स. त्यात मारामारी नाही, कवटी नाही. युद्धावरून परतलेला बाप दमला होता, एवढंच. त्याच्याकडे लोखंडी शरीर असतं तर तो दमला नसता आणि पुस्तक वाचलं असतं. आत्यानं त्याच्या तोंडाकडे बघून यंत्रं परत कानात घातली होती. कधी, ते मला कळलं नाही.

"मागं घे," ती म्हणाली. मी मागं घेतलं. तिनं ते परत ऐकलं. मग टीव्ही बंद करायला लावला.

"आमच्याकडे तीन प्रकारचे कॉल असायचे," ती म्हणाली. "लायटनिंग, अर्जंट आणि ऑर्डिनरी. लायटनिंग लगेच लागायचा, पैसेही तसेच पडायचे. ऑर्डिनरीवाला सकाळी नंबर बुक करायचा आणि बसून राहायचा. कधी दुपारी लागायचा, कधी रात्री. एकदा एका बाईंचा रात्री लावून दिला. पलीकडून सांगितलं, ज्यांच्याशी बोलायचंय ते दुपारीच गेले."

"मग?"

"मग काय. मलाच सांगायला लागलं. मग दुसरी कॉर्ड."

थोड्या वेळानं म्हणाली, तीन मिनिटं झाली की मध्ये बोलायचा नियम होता: तीन मिनिटं झाली, वाढवायची का? "कधी कधी मी बोलायचे नाही. एक-दोन मिनिटं तशीच जाऊ द्यायचे. पलीकडे आई असली की." आणि जणू खात्याची चौकशी अजून बाकी असावी तशी तिनं दाराकडं पाहिलं.

नंतर २०२१च्या डिसेंबरात आम्ही 'हॉकआय' मालिका बघितली, नाताळातली. इतक्या वर्षांच्या स्फोटांनी त्याचे कान गेलेत, श्रवणयंत्र लावतो. ते तुटतं आणि तेवढ्यात धाकट्या मुलाचा फोन येतो. शेजारची मुलगी, केट, फोनवरचं ऐकून कागदावर लिहून त्याला दाखवते आणि तो मुलाशी असा बोलतो की मुलाला काही कळू नये. आत्या म्हणाली, ऑपरेटर आहे ती. याहून मोठी प्रशंसा तिच्याकडे नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर तिसऱ्या दिवशी ती परत कोपऱ्यावर गेली होती. छत्री आता डाव्या हातात. आईनं अबोला धरला तो आठवडाभर टिकला. मी शनिवारी दुपारी खाली उतरून कवटी काढायला घेतली. हेअर ड्रायरनं गरम केलं, जुनं एटीएम कार्ड घासलं. चार वर्षं ऊन खाल्लेलं रेडियम, सुटता सुटेना. कपाळ निघालं, डोळे निघाले, नाकाचा त्रिकोण निघाला. दात मात्र घट्ट. नखानं ओढले तर निम्म्यात तुटले आणि गोंदाचा पिवळा थर राहिला.

आत्या निघाली होती. जिन्यावरून उतरून ती गाडीपाशी थांबली, चष्मा कपाळावर सरकवून वाकून बघितलं.

"कवळी राहिली की रे."

मी म्हटलं, रॉकेल लावून काढतो.

"राहू दे," ती म्हणाली. "माझीही तेवढीच राहिलीय." आणि छत्री बगलेत मारून कोपऱ्याकडं चालायला लागली.